पिवळी पिशवी जाते कुठे?

गेल्या पावसाळ्यात ताप उतरेना म्हणून चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात मलेरियाची टेस्ट करायला गेले होते. सिस्टरनी बोटाला टोचलं, काचपट्टीवर थेंब घेतला, सुई पांढऱ्या डब्यात टाकली आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हे सगळं जातं कुठे, असं विचारलं तर म्हणाल्या, "गाडी येते ना, घेऊन जाते. जाळतात तिकडे."

उत्तर अर्धंच बरोबर होतं. जाळायची असते ती मुख्यतः पिवळी पिशवी. तिच्यात शरीराचे भाग, बाळंतपणात पडलेली वार, रक्ताळलेली ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं असतात. सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत जातात. त्या वाफेवर निर्जंतुक करून तुकडे केले की ते प्लास्टिक पुन्हा वापरात येतं. पांढऱ्या डब्यातली सुईही जाळत नाहीत, निर्जंतुक करून तिचे तुकडे करतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दवाखान्यातला सुमारे 85 टक्के कचरा तर आपल्या घरच्या कचऱ्यासारखाच, साधा असतो.

मग वेगळं करायची एवढी कटकट कशाला, सगळंच जाळून टाकावं की! एकेकाळी आपल्याकडे कल तसाच होता. 1996 मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 50 आणि त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांना इन्सिनरेटर किंवा तितकाच परिणामकारक पर्याय उभारायला सांगितलं होतं. अडचण धुरात आहे. क्लोरीन असलेलं प्लास्टिक कमी आचेवर जळलं की डायॉक्सिन तयार होतात. ते कॅन्सरला कारण ठरू शकतात आणि वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. म्हणून 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांनुसार इन्सिनरेटरला दोन कप्पे लागतात. पहिल्यात 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, दुसऱ्यात 1050, आणि वायू तिथे किमान दोन सेकंद थांबला पाहिजे. चिमणी 30 मीटर उंच. आता हे डिझेल, हे फिल्टर, हा प्रशिक्षित ऑपरेटर खेड्यातल्या दवाखान्याने कुठून आणायचा? म्हणून नियम सांगतो की 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सोय असेल तर दवाखान्याने स्वतःचं यंत्र लावायचं नाही. गाडी येईल, कचरा नेईल.

पुणे-मुंबईत हे जमून जातं. पण नकाशा आपल्याकडे सरकवा. गडचिरोली ते चंद्रपूर रस्त्याने 80 किलोमीटरच्या आसपास. भामरागड गडचिरोलीपासून पावणेदोनशेच्या घरात आणि सिरोंचा त्याहून लांब. पिवळ्या पिशवीतला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं नियम सांगतो. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि नदी काही 48 तासांचा हिशोब ठेवत नाही. बाळंतपणं मात्र थांबत नाहीत.

अशा दुर्गम भागासाठी नियमांतच एक वाट आहे: परवानगी घेऊन खोल खड्ड्यात पुरणं. दोन मीटर खोल खड्डा, निम्मा भरला की वर चुना आणि माती, जनावरं उकरू नयेत म्हणून जाळी. आणि जमिनीतलं पाणी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली हवं. ही शेवटची अट वाचून मी थांबलेच. भामरागड म्हणजे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचा संगम. ऑगस्टमध्ये तिथे सहा मीटर खालीच राहणारं पाणी कुठे शोधायचं? खड्ड्याची जागा उन्हाळ्यात टेप लावून ठरवली, तर पावसाळ्यात ती चुकीची ठरू शकते.

अशा वेळी एक सोपा उपाय सुचवला जातो: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे विटांची छोटी भट्टी. इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात असं स्वस्त डिझाइन तयार झालं आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते वापरलं गेलं. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते बरंच. पण धूर गाळायची सोय नाही, आणि चुकून लाल पिशवी आत गेली तर तो धूर शेजारच्या अंगणात.

मला विचाराल तर आधी जाळायचा ढीगच लहान करावा. तालुक्याच्या रुग्णालयात वाफेचं निर्जंतुकीकरण यंत्र आणि तुकडे करणारं मशीन असेल, तर लाल पिशवी आणि पांढरा डबा गाडीची वाट पाहत बसणार नाहीत. मागे उरेल ती थोडीशी पिवळी पिशवी. तिच्यासाठी उंचवट्यावर, पावसाळ्यातली पाणीपातळी बघून नीट बांधलेला खड्डा. गडचिरोलीत मलेरियाच्या टेस्टसाठी आशाताई गावागावांत बोटं टोचतात. त्या सुयांसाठी न टोचणारा डबा आणि तो परत आणायची ठरलेली वेळ, एवढं झालं तरी पुष्कळ.

आणि चंद्रपूर? 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत आपलं नाव वरच्या पाचांत होतं. दुसरीकडचा कचरा इथे जाळायचा असेल तर चिमणीतून काय निघतं ते आपल्याला कळायला हवं. डायॉक्सिनची तपासणी नियमाने वर्षातून एकदाच होते. शिवाय दवाखान्यांनी कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकायचा असतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची साइट उघडून तो सापडतो का बघा.