सांधा जुळला की गाडी पुढे

पन्नाशीच्या गृहस्थाने रविवारी दिवसभर क्रिकेटचा सामना पाहिला, तर आपल्याकडे कुणाला त्यात वावगे वाटत नाही. पत्त्यांचा डाव रंगला तर शेजारीही येऊन बसतात. पण त्याच गृहस्थाने चष्मा कपाळावर चढवून, काडेपेटीतल्या काडीएवढ्या सिग्नलला तांबडा रंग देण्यात दोन तास घालवले, की घरातल्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू येते आणि मागोमाग थोडी काळजी. ‘या वयात आगगाडी?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी तो खोलीभर पसरलेला असतो.

या छंदाकडे मी बरीच वर्षे कुतूहलाने पाहत आलो आहे. मला वाटते, त्यातला पोरखेळ आपल्याला चटकन दिसतो, पण त्यातले सामाजिक काम नजरेआड राहते. विशेषतः हा छंद एकट्याच्या घरातून निघून मंडळात, क्लबात जातो तेव्हा.

आधी एक भेद सांगायला हवा. जत्रेत मिळणारी चावीची गाडी हे खेळणे. ती आगगाडीसारखी दिसली की पुरे. मॉडेल म्हणजे प्रतिकृती, आणि प्रतिकृतीला मोजमापाचा धाक असतो. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी. आजचा साडेतेवीस मीटरचा डबा या प्रमाणात सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. ऐकायला लहान वाटते. पण चोवीस डब्यांची गाडी जोडा, ती एकवीस फुटांच्या पुढे जाते. आपल्या दिवाणखान्यात ती मावणार नाही, वळणार तर नाहीच. चढाचेही तसेच. पन्नास सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर, एवढा चढ इंजिनाला झेपतो असे धरले, तरी एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी लागणारी सात सेंटिमीटरची उंची गाठायला साडेतीन मीटर लांबी खर्ची पडते. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा पहिला प्रश्न. स्थानक हवे की घाट? फलाट आखूड करायचा की डबे कमी करायचे? एकटा माणूस हे मनाशी ठरवतो. क्लबात त्यावर चर्चा होते, क्वचित भांडणही.

अशा क्लबांची परंपरा जुनी आहे. जगातला सर्वांत जुना समजला जाणारा मॉडेल रेल्वे क्लब लंडनमध्ये १९१० साली स्थापन झाला आणि आजही चालू आहे. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ १९६० पासून त्याची स्वतःची वास्तू आहे. या क्लबात चालते ते काम पाहिले, तर गाडी चालवण्याचा भाग त्यात अगदी थोडा. उरलेले सगळे बांधकाम.

लेआउट, म्हणजे रूळ, स्थानके आणि परिसर यांची सगळी मांडणी, एका मोठ्या टेबलावर उभी राहत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी होते. लाकडी चौकटीवर प्लायवूड बसवून साधारण चार फूट लांबीच्या फळ्या तयार करतात, म्हणजे त्या प्रदर्शनाला नेता येतात. सुतारकाम येणारा फळ्या करतो. दुसरा रूळ टाकतो. तिसरा खाली वाकून तारा जोडतो. मग खडी: बारीक चाळलेली वाळू रुळांमध्ये पसरायची आणि पांढरा डिंक पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने सोडायचा. साबण नसेल तर थेंब गोळा होऊन बसतो, खडीत झिरपत नाही. एवढीशी युक्ती, पण ती पुस्तकापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून लवकर कळते. नंतर डोंगर, झाडे, पुठ्ठ्याच्या इमारती. आणि हे सगळे होईपर्यंत काही वर्षे निघून जातात.

या सगळ्यात सर्वांत अवघड जागा कुठली? दोन फळ्या जिथे भेटतात ती. एका फळीवरचा रूळ दुसऱ्या फळीवरच्या रुळाला अर्ध्या मिलिमीटरनेही चुकला, की गाडी तिथेच घसरते. म्हणून फळ्यांच्या कडांना पितळी खुंट्या बसवतात, रुळांची टोके पक्की डाखतात, पुन्हा पुन्हा तपासतात. अमेरिकेत १९७०च्या दशकात यातूनच एक सुंदर पद्धत रुजली. प्रत्येक सभासदाने आपापल्या घरी आपली फळी करायची. तिच्यावर वाळवंट दाखवा, बंदर दाखवा, आपले आजोळ दाखवा. अट एकच: फळीच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर आले पाहिजेत. मग एकमेकांना कधी न भेटलेली वीस माणसे एखाद्या सभागृहात येतात, फळ्या जोडतात, आणि एकाची गाडी विसांच्या गावांतून फिरून परत येते.

मला ही अट फार शहाणपणाची वाटते. मधल्या भागात पूर्ण मोकळीक, कडेला मात्र काटेकोर शिस्त. आपल्या सहकारी सोसायट्यांच्या, गणेशोत्सव मंडळांच्या बैठकांत बहुधा याच्या उलट घडते. दुसऱ्याच्या फळीवर काय असावे यावर आपण तासन्‌तास वाद घालतो, आणि सांधा कुणी जुळवायचा हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर जातो!

हे काम मुलांना काय देते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. त्यात दोन तट असत. काहींना टेबलावरचे जग प्रिय: डबे रंगवणे, डोंगर करणे. काहींना टेबलाखालचे: टेलिफोन यंत्रणेचे रिले आणि स्विच जोडून कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल याची व्यवस्था लावणे. हे टेबलाखालचे विद्यार्थी पुढे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, संस्थेतल्या संगणकाकडे वळले. ‘हॅक’ हा आज बदनाम झालेला शब्द चतुर, नेटक्या युक्तीसाठी याच क्लबात रूढ होता. आणि १९६२ साली तयार झालेला ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा सुरुवातीचा खेळ करणाऱ्यांत या क्लबातली मुले होती. खेळातल्या आगगाडीने संगणक घडवला, असे कुणी म्हणू नये. पण एखादी यंत्रणा उघडून, आतून समजून घेऊन, चारचौघांत मिळून ती सुधारायची, ही सवय मात्र तिथे लागली होती.

तरीही माझ्या मते क्लबाचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. लंडनच्या त्या क्लबाची ‘कोपनहेगन फील्ड्स’ नावाची प्रचंड मांडणी १९८०च्या दशकापासून तयार होते आहे. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा, दोन महायुद्धांमधल्या काळातला परिसर तीत आहे: बोगदे, गुरांच्या बाजाराचा घड्याळाचा मनोरा, दाटीवाटीची घरे. त्यातले बरेच आता प्रत्यक्षात उरलेले नाही. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गृहस्थांनी असेच एक वेड घेतले. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येकडील खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलत आहेत, हे पाहून त्यांनी ती मोजून, लहान आकारात उभी करायला घेतली. त्यातून १९५४ मध्ये पेंडन येथे संग्रहालय उभे राहिले. इंग्लंड आता हयात नाहीत. स्वयंसेवक ते खोरे अजून बांधत आहेत.

आता आपल्याकडे पाहू. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, आणि कितीतरी मराठी मुलांनी आयुष्यातला पहिला चालता लेआउट तिथेच पाहिला असेल. पण ते एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिलेले काम. पाहायला जाणे वेगळे, आणि दर आठवड्याला बाह्या सरसावून बांधायला जाणे वेगळे. ते दुसरे आपल्याकडे फारसे रुजले नाही.

आणि त्याची गरज मात्र दारात उभी आहे. बार्शी लाइट रेल्वे आठवा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गाडी सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांचाच भार, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या गाडीने विठोबाला गेल्या. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. ते योग्यच झाले. लोकांना वेगाने जायचे असते. पण त्या छोट्या गाडीचे जग कुठे गेले?

तुम्ही म्हणाल, इंजिने जपली आहेत, छायाचित्रे आहेत. खरे आहे. परंतु छायाचित्रात इमारतीची पुढची बाजू असते. प्रतिकृती करायला बसलात की मागची बाजूही लागते. टांगे कुठे उभे राहत? पाण्याचा नळखांब फलाटाच्या कोणत्या टोकाला होता? सांधेवाल्याची खोली दगडी की पत्र्याची? हे सांगणारे गार्ड, फिटर, सांधेवाले, रोजचे प्रवासी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना ‘आठवणी सांगा’ म्हटले, तर ते दोन वाक्ये बोलून गप्प बसतात. त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचे अर्धवट स्थानक ठेवा, लगेच म्हणतील, “अहो, दार इथं नव्हतं, पलीकडं होतं.” माहिती अशी बाहेर येते.

योगायोग असा, की ७६२ मिलिमीटरच्या त्या रुळाला सत्त्याऐंशीने भागले तर पावणेनऊ येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. आपल्या ब्रॉडगेजला ही सोय नाही. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, आणि मिळतो साडेसोळाचा. म्हणून आपल्या मोठ्या इंजिनांच्या प्रतिकृती थोड्या पाय जवळ घेऊन उभ्या असल्यासारख्या दिसतात. धाकटी बार्शी लाइट मात्र जणू मापाने शिवलेली.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. परदेशी इंजिन मध्यमवर्गीय खिशाला परवडत नाही. पण क्लबाला इंजिने पन्नास लागत नाहीत. एक वर्गणीतून येते. फळी, पुठ्ठा, डिंक, वाळू हे सगळे गावात मिळते. शाळेची रविवारी रिकामी असणारी एक खोली, एक निवृत्त फिटर, चित्रकलेचे एक शिक्षक आणि सातवी-आठवीतली दहा मुले एवढे भांडवल बऱ्याच तालुक्यांच्या गावी असते. सुरुवात गाडीने करू नये, मोजपट्टीने करावी. जुने स्थानक अजून उभे असेल तर ते आधी मोजावे. पाडले गेले असेल तर ते आठवणाऱ्या माणसांकडे वही घेऊन जावे.

दोन फळ्या जोडताना लागते तीच काळजी दोन पिढ्या जोडताना लागते. इकडची फळी तयार आहे, तिकडची झपाट्याने कमी होते आहे. तेव्हा आज दुपारच्या जेवणानंतर घरातल्या थोरल्यांना एवढेच विचारून पाहा: आपल्या गावच्या जुन्या स्थानकाला मागच्या बाजूने खिडक्या किती होत्या?