कातळावर भरणारा वर्ग

उन्हाळी सुट्टीतील शिबिरांत निसर्गशिक्षकाच्या वाट्याला बहुधा मातकाम आणि खेळ यांच्या मधला तासभर येतो, आणि त्या तासात पानाफुलांची नावे सांगून व पक्ष्यांची चित्रे दाखवून झाली की निसर्ग शिकवून झाला असे समजले जाते. वास्तविक निसर्गशिक्षक म्हणजे मुलांना त्यांच्याच परिसरातील जीव, माती आणि पाणी यांच्यासमोर उभे करून, त्यांना पडणाऱ्या प्रश्नांचा माग त्यांच्यासोबत काढणारी व्यक्ती होय. ही व्याख्या मान्य केली, तर तासाभराची ही मांडणी किती तोकडी आहे हे रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. कारण येथे शिकण्याजोगे जे सर्वांत मोलाचे आहे, ते मे महिन्यात डोळ्यांना दिसतच नाही.

मिरजोळे म्हटले की बाहेरच्या माणसाला औद्योगिक वसाहत आठवते. गावाच्या परिसरातील मूळ भूरूप मात्र सड्याचे आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. हजारो पावसाळ्यांनी खडकातील सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले, त्यातून हा लाल, सच्छिद्र दगड घडला. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये केरळातील अशाच दगडाचे वर्णन करताना विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, कारण खाणीत मऊ असलेला हा दगड कापून हवेत ठेवला की कठीण होतो; कोकणातल्या घरांचे चिरे त्याचेच. सड्यावर पडलेले पाणी या छिद्रांतून मुरते आणि पायथ्याच्या पऱ्यांना व विहिरींना मिळते. असे असूनही सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पुष्कळदा ‘पोटखराबा’ म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र म्हणून होते, आणि हा महसुली शब्द हळूहळू लोकांच्या नजरेतही उतरतो: जेथे पीक नाही तेथे काहीच नाही, असे मूल कोणी न शिकवताच शिकते. ही समजूत मोडणे हे येथील निसर्गशिक्षकाचे पहिले काम आहे, आणि ते भिंतीवरच्या चित्रांनी होणारे नाही.

याचा प्रारंभ सुतळीने करता येतो. मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन कातळावर आखून त्यातील प्रत्येक गोष्ट मोजण्याच्या पद्धतीला परिसंस्थाशास्त्रात ‘क्वाड्रॅट’ म्हणतात; दहा वर्षांच्या मुलाला ती सहज जमते. पहिल्या पाच मिनिटांत मुले वहीत ‘काही नाही’ असे लिहितात, आणि शिक्षकाने तेथे घाई न करणे फार महत्त्वाचे असते. कारण पुढच्या पंधरा मिनिटांत त्याच चौकोनात दगडफुलाचे करडे ठिपके, खाचेत साठलेली चिमूटभर माती, वाळलेल्या गवताचे ठोंब आणि मुंग्यांची एक धावती रांग दिसू लागते. हे काम सकाळी दहाच्या आत आटोपावे लागते, आणि कोणताही दगड हाताने उलटायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी पाळायला लावावा लागतो, कारण रत्नागिरीचा कातळ हे फुरशाचे घर आहे. या नियमामागे सापाची भीती असू नये; दगडाखाली कोणाचे तरी बिऱ्हाड आहे, ही जाणीव असावी.

नाव आधी सांगावे की प्रश्न आधी पडू द्यावा, या शिकवण्यातील जुन्या वादाचा निकाल टिटवीपाशी लागतो. टिटवी घरटे असे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आधाराने, दगडाच्याच रंगाची बहुधा चार अंडी घालते. लांब उभे राहून दुर्बिणीतून पाहणाऱ्या मुलांना आधी ‘ही टिटवी’ असे सांगितले, तर त्यांची नजर तेथेच थांबते. नाव थोडे उशिरा सांगितले, तर एखादे मूल विचारते की तापलेल्या कातळावर अंडी शिजत कशी नाहीत. आणि मग ही पाखरे पाण्यात पोटाची पिसे भिजवून येतात व त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात, ही माहिती त्या मुलाला उत्तर म्हणून मिळते, धडा म्हणून नव्हे. जवळ जाण्याचा मोह येथे कठोरपणे आवरलाच पाहिजे; आक्रोश करीत डोक्यावर झेपावणाऱ्या पक्ष्याला मुलांच्या आनंदासाठी छळणे हे निसर्गशिक्षण नव्हे.

मुलांपर्यंत शाळा नेण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ‘कुरणशाळा’ चालवली, ती गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी. मुले शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शिक्षक कुरणावर गेला. आज मिरजोळ्याच्या मुलांना शाळा आहे, परंतु त्यांचे कुरण हरवले आहे. तेव्हा शाळेतल्या मुलांना कातळावर नेण्याचा उलटा प्रवास आता करावा लागणार. या कातळाकडे माणसाने पूर्वी बारकाईने पाहिले होते याचा पुरावा जवळच आहे. उक्षी, जांभरुण आणि कशेळी येथील कातळशिल्पे, म्हणजे सड्यावर कोरलेल्या आकृती, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या भव्य हत्तीच्या आत तर इतर प्राण्यांची दाटी आहे.

दिवसशिबिराची, म्हणजे ज्यात मुले सकाळी येऊन त्याच दिवशी घरी परततात अशा शिबिराची, खरी उणीव त्याच्या तारखांत आहे. ते मे महिन्यात संपते आणि सडा जूनमध्ये जागा होतो. पहिल्या सरींनंतर कातळाच्या फटींतील मातीत दडलेल्या कंदांमधून दीपकाडी उगवते. प्रामुख्याने कोकणातील सड्यांपुरतीच मर्यादित असलेली ही वनस्पती लांबट पांढरी फुले धरते, तर पुढे पाऊस स्थिरावला की किडे पकडून पोषण मिळवणारी सीतेची आसवे खाचांतून निळसर जांभळी दिसू लागतात. ज्या मुलांनी ‘काही नाही’ असे लिहिले होते, त्यांनाच हे पाहायला मिळाले नाही, तर मे महिन्यातील निरीक्षण अर्धवटच राहते.

म्हणून शिबिराच्या शुल्कात आणि निसर्गशिक्षकाच्या मानधनात पावसाळ्यातील किमान दोन सकाळी आधीच धराव्यात. दहा दिवसांच्या बोलीवर आलेल्या शिक्षकाने जूनमध्ये पदरमोड करून यावे, ही अपेक्षा अन्याय्य आहे. चौकोनाच्या कोपऱ्यांवर रंगाची खूण करावी, वहीत मे महिन्याच्या नोंदीसमोरचे पान कोरे सोडावे, आणि परतीचा दिवस कॅलेंडर पाहून न ठरवता चांगला पाऊस होऊन आठवडा झाला की पालकांना कळवावा.