वाफसा न पाहतां पेरलेली बातमी

मृगाची पहिली सर आली म्हणून कोणी शहाणा शेतकरी त्याच दुपारीं पाभर घेऊन शेतांत उतरत नाहीं. वरची धूळ भिजली तरी खालची माती कोरडीच आहे, हें त्याला ठाऊक असतें. तो थांबतो, मूठभर माती हातांत दाबून पाहतो, आणि वाफसा आल्यावांचून बीं जमिनींत टाकीत नाहीं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करूं नये, असा कृषि खात्याचाहि सल्ला असतो. आणि ज्यांनीं ती घाई केली त्यांना दुबार पेरणीचा भुर्दंड कसा सोसावा लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हाच धिमा व विचारी मनुष्य खिशांतला मोबाइल वाजतांच आलेला मजकूर अर्धवट वाचतो व तत्काळ पन्नास जणांकडे रवाना करितो. मातीच्या बाबतींत असलेला त्याचा धीर बातमीच्या बाबतींत कोठें जातो, हा प्रश्न आज आम्ही आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवूं इच्छितों.

प्रथमच सांगतों कीं, आम्ही या साधनाचे वैरी नाहीं. २०१६ सालानंतर मोबाइलवरील इंटरनेट फार स्वस्त झालें, आणि जी माहिती मिळविण्यासाठीं पूर्वीं तालुक्याच्या गांवीं खेप घालावी लागे ती बांधावर बसून मिळूं लागली. बाजार समितीचे भाव, हवामान खात्याचा अंदाज, रोगट पानाचें छायाचित्र पाठवून तज्ज्ञाकडून मिळविलेला सल्ला, या सोयी लहान नव्हेत. वीज पडण्याचा धोका आधीं कळविणारें 'दामिनी' हें ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलें आहे. असली सूचना जितकी लवकर पोंचेल तितकी बरी. तेव्हां वेग हा स्वतः दोष नव्हे. सर्वच गोष्टींना एकच वेग लावणें हा दोष आहे. विजेची सूचना क्षणांत पोंचली पाहिजे. अमुक जातीचे लोक, अमुक पीक किंवा अमुक औषध यांविषयींचा मजकूर मात्र क्षणांत पुढें गेलाच पाहिजे, असें मुळींच नाहीं.

पूर्वीं अफवा नव्हत्या असें कोण म्हणेल? त्या होत्याच, परंतु त्या माणसाच्या पायांनीं चालत. आठवड्याच्या बाजारीं कोणी कांहीं बोलला तर त्याच्या तोंडाकडे पाहतां येई, 'हें तुला कोणीं सांगितलें?' असें विचारतां येई, आणि गोष्ट खोटी ठरली तर पुढच्या बाजारीं त्याच माणसाला चार लोकांत तोंड दाखवावें लागे. बोलण्याची जबाबदारी बोलणाऱ्याच्या अंगावर असे. आतांची रीति निराळी आहे. मजकूर येतो तो मेहुण्याकडून, मित्राकडून, सोसायटीच्या चेअरमनकडून. म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवितों. परंतु तो त्यांनीं लिहिलेला नसतो. त्यांनाहि तो असाच कोणाकडून तरी आलेला असतो. विश्वास नात्यावरचा आणि मजकूर अनोळख्याचा, असा हा विचित्र व्यवहार आहे. सातबाऱ्यावर कोणाचें नांव आहे हें पाहिल्याशिवाय आपण जमिनीचा विसार देत नाहीं. येथें मात्र मूळ धनी कोण हें न विचारतांच सौदा होतो.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम हीं साधनें आपणांस फुकट मिळतात, पण त्यांच्या मालकांचा धंदा जाहिरातींवर चालतो. आपली नजर जितका वेळ त्या काचेवर खिळून राहील तितका त्यांचा फायदा. शांतपणें सांगितलेल्या गोष्टीपेक्षां भय, संताप व नवल यांनीं माणूस अधिक खिळतो, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि पुढें काय दाखवावयाचें हें ठरविणारें यंत्र तो स्वभाव ओळखून असतें. वर्तमानपत्राचें शेवटचें पान येतें, पोथीचा अध्याय संपतो, कीर्तनाची आरती होते. या पडद्यावरील मजकुराला मात्र शेवट असा ठेवलेलाच नाहीं. बोटानें सरकवीत जावें आणि तो येत जावा, अशीच त्याची रचना आहे.

या घाईचें मोल आपल्याच धंद्यानें कसें दिलें, तें पहा. २०२० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कोंबडीचें मांस खाल्ल्यानें करोना होतो, असा मजकूर व चित्रें घरोघर फिरलीं. त्याला शास्त्राचा आधार नव्हता. सरकारी खात्यांनीं तसें वारंवार जाहीर केलें. पण खुलासा चालत निघाला तेव्हां अफवा देशभर फिरून आली होती. जिवंत पक्ष्यांचे भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खालीं गेले, आणि कित्येक ठिकाणीं पिलें जमिनींत पुरण्याची पाळी आली. कोंबड्यांच्या खाद्यास लागणाऱ्या मक्याची मागणी घटली, तेव्हां ज्याच्या दारांत एकहि कोंबडी नाहीं अशा शेतकऱ्यालाहि त्याची झळ बसली. तो मजकूर पुढें पाठविणाऱ्यांत मका पिकविणारे नव्हते, असें कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

त्याच वर्षीं मे महिन्यांत टोमॅटोवर पाळी आली. नाशिक, नगर, पुणे, सातारा या भागांत फळांवर पट्टे पडूं लागले व रंग फिसकटूं लागला. त्याला कोणीं 'तिरंगा व्हायरस' असें नांव दिलें. करोनाचे ते दिवस. 'व्हायरस' एवढा एकच शब्द पुरेसा झाला. टोमॅटो खाल्ल्यास माणसालाहि रोग होईल अशी हाकाटी उठली आणि आधींच टाळेबंदीनें पडलेल्या भावांवर आणखी घाव बसला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेंत नमुने तपासले गेले, तेव्हां त्यांत मुख्यतः कुकुंबर मोझॅक नांवाचा, वनस्पतींवर पडणारा विषाणु आढळला. असले विषाणु माणसाला रोग करीत नाहींत. संशोधनाला कांहीं दिवस लागतात. तेवढे दिवस गप्प राहणें आपणांस जमलें असतें, तर पुष्कळांचें पीक मातीमोल झालें नसतें.

पैशाचें नुकसान पुढल्या हंगामांत तरी भरून निघतें. परंतु १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें जें घडलें तें कोणत्याहि हंगामांत भरून निघणारें नाहीं. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशा मजकुरानें तो सारा मुलूख त्या दिवसांत धास्तावलेला होता. बाजारचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच लोक जमावाच्या दृष्टीस पडले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारण्यांत आलें. पांचहि जण ठार झाले. ज्या समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुगीच्या दिवसांत आपल्या खळ्यावर येत, ज्यांच्या झोळींत आपल्या आजीनें सुपानें धान्य घातलें, त्यांना ओळखण्याची बुद्धि एका चित्रफितीनें हिरावून घेतली. त्या वर्षीं देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकीं एक तर कराचींतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मुलांना जपा, असा तिचा शेवट होता. तो शेवट कापून उरलेला भाग खरी घटना म्हणून पसरविला गेला. शेवटापर्यंत पाहण्याची सवडच जेथें कोणाला नाहीं, तेथें शेवट कापला गेला हें कळावें तरी कसें?

या अनर्थांनंतर खुद्द व्हॉट्सॲप कंपनीनें काय उपाय केला, तो फार बोधप्रद आहे. जुलै २०१८ मध्यें तिनें हिंदुस्थानांत एक मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें पाठवितां येईल, अशी मर्यादा घातली. २०१९ सालीं ती साऱ्या जगाला लावली. एप्रिल २०२० मध्यें, पुष्कळदां फिरून आलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येईल असें ठरविलें, आणि त्यायोगें अशा मजकुराचा प्रसार शेंकडा ७० नीं घटला असें कंपनीनेंच सांगितलें. येथें कंपनीनें कोणाचें तोंड बंद केलें नाहीं, कीं कोणता मजकूर खरा व कोणता खोटा याचा निवाडाहि केला नाहीं. तिनें एवढेंच केलें कीं पाठविणाऱ्याच्या बोटाला थोडे अधिक श्रम पडावेत. तेवढ्या अडथळ्यानेंहि बहुतेक मजकूर जागच्या जागीं राहिला. म्हणजे तो पाठविण्याइतका महत्त्वाचा पाठविणाऱ्यालाहि वाटत नव्हता! पाणी भरधांव वाहूं लागलें म्हणजे माती घेऊन जातें. बांध घातला म्हणजे तेंच पाणी मुरतें. बातमीचेंहि तसेंच आहे.

हा बांध घरांतहि घालतां येतो, हें सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या कडेगांव तालुक्यांतील गांवानें दाखविलें आहे. २०२२ सालच्या ऑगस्टमध्यें तेथील ग्रामसभेनें ठराव केला: सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा, आणि दीड तास घरोघर मोबाइल व टीव्ही बंद राहावेत. तेवढ्या वेळांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, एकमेकांशीं बोलावें. या ठरावांत स्त्रियांचा पुढाकार होता, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कारण घरांतील माणसें एकाच ओसरीवर बसून एकमेकांस परकीं कशीं होतात, हें स्त्रियांच्या डोळ्यांना आधीं दिसतें. दीड तासानें जग बदलतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साऱ्या गांवानें मिळून थांबण्याची एक वेळ ठरविली, यांत मोठें तत्त्व आहे. एकट्यानें थांबणें कठीण. शेजारी पेरूं लागला म्हणजे आपलाहि हात शिवशिवतो. सर्वांनीं मिळून थांबणें त्या मानानें सोपें.

येथें कोणी म्हणेल कीं, 'आजचा भाव आजच कळला पाहिजे. तुमच्या संथपणानें माल सडेल.' हा आक्षेप आम्ही मान्य करितों, परंतु अर्धाच. भाव पाहण्याची घाई अवश्य असावी; मात्र तो बाजार समितीकडून आलेला पाहावा. 'उद्यां भाव कोसळणार, आजच काढा' असा निनावी मजकूर वाचून कांदा बाहेर काढणाऱ्याला जी घाई होते, ती त्याच्या फायद्याची नसते. ती कोणाच्या फायद्याची असते, हें चाणाक्ष वाचकांस समजेल. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या नांवानें फिरणाऱ्या खोट्या ॲपचा प्रकारहि असाच. वर्षाला ६००० रुपयांची ती योजना. तिचा हप्ता अडेल म्हणून ताबडतोब हें ॲप घ्या, असा मजकूर गटांतून आला, आणि तें घेणाऱ्या कित्येकांच्या बँकेच्या खात्यांतील पैसे गेले. लुबाडणारा नेहमींच 'ताबडतोब' म्हणतो. ज्याचें म्हणणें खरें आहे, त्याला आपण रात्रभर विचार केल्याचें भय वाटत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. वादळ, वीज, पूर यांविषयींची सरकारी सूचना सोडून इतर कोणताहि मजकूर एक रात्र आपल्यापाशीं राहूं द्यावा. सकाळीं तोच मजकूर पुन्हां वाचावा आणि तीन गोष्टी विचाराव्या: हें मूळ कोणीं सांगितलें, केव्हां सांगितलें, व खोटें ठरल्यास माझ्या नांवावर घेण्यास मी तयार आहें काय? पीक, कीड व औषध यांविषयीं शंका असेल तर जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर विचारावें. पैशाची फसवणूक झाली असेल तर मात्र एक क्षणहि न दवडतां १९३० या क्रमांकावर कळवावें. आणि आपण पाठविलेली गोष्ट खोटी ठरली, तर ज्या गटांत ती पाठविली त्याच गटांत तसें लिहावें. त्यानें मान खालीं जात नाहीं. शब्दाची पत वाढते.

गांवोगांवच्या शेतकरी गटांनीं हा नियम आपल्या सभेंत ठराव म्हणून मांडावा व त्यावर निदान एक हंगाम चालून पाहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. भिजलेल्या धुळीला ओल समजण्याची चूक आपले पूर्वज करीत नसत. तीच पारख आपण मोबाइलवर येणाऱ्या शब्दांनाहि लावूं, तर आपली पत, आपला भाव आणि आपला शेजारधर्म हीं तिन्ही शाबूत राहतील.