हुरड्याची जाहिरात आणि नवा अडत्या



पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराची जाहिरात गावाने कधी दिली नाही. उजनी धरणात गाव गेले, मंदिरही गेले. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेले, मंदिर उघडे पडले आणि मोबाईलवरची चित्रे पाहून लांबलांबची माणसे आली. ज्या दुष्काळाने विहिरी आटवल्या त्यानेच गर्दी आणली. पण त्या गर्दीतल्या किती जणांनी इथली पायलीभर ज्वारी नेली?

म्हणून आता बैठकीत तरुण विचारतात, हुरड्यासाठी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यावी का? द्यावी. पण आधी हा नवा अडत्या ओळखावा. जुना अडत्या निदान माल विकल्यावर अडत कापतो. हा जाहिरात दाखवल्याचेच पैसे घेतो. गिऱ्हाईक आले की नाही, हे आपले आपण पाहायचे. वर 18 टक्के जीएसटी. बाजार समितीत आपल्या मालावर दुसरे बोली लावतात. येथे जाहिरातीच्या जागेचा लिलाव असतो आणि बोली आपण लावायची. समोर रिसॉर्टवाले, मोबाईल कंपन्या. जाहिरात लोकांना किती रुचेल तेही लिलावात पाहिले जाते, एवढीच आपल्याला सवड. फुकटचे पान काढून भागेल म्हणाल, तर जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या मजकुराला पुढे आणले, धंद्याची पाने मागे पडली.

आता हिशेब. समजा 2,000 रुपयांची जाहिरात दिली, करासह 2,360. आठ माणसे आली, तर माणशी 295 रुपये आल्याआधीच गेले. माणशी 500 घेतले तर उरले 205. त्यात ज्वारी, राखण, गोवऱ्या, दही-चटणी, आगटीपाशी बसणाऱ्याची मजुरी. घरच्या बाईची मजुरी आपण धरतच नाही, ही जुनी खोड! पण तीच आठ माणसे पुढच्या थंडीत आपल्या एका निरोपावर आली, तर ते 295 वाचतात. तेव्हा आलेल्याचा नंबर, त्याला विचारून, वहीत लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठीचे अ‍ॅप 2018 पासून आहे, लहान दुकानदाराला फुकट आहे. जाहिरातीचे पैसे नव्या माणसासाठी. ओळखीच्याला निरोप पुरे.

शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून एक सांगतो. कणीस हुरड्यावर थोडेच दिवस राहते. पेरणी एकाच दिवशी उरकली आणि जाहिरात महिनाभर चालवली, तर पाहुणा येईपर्यंत दाणा टणक. ओल असेल तर आठवड्याच्या अंतराने दोन-तीन तुकडे पेरावेत. सुरती, गूळभेंडी किंवा राहुरीची फुले मधुर हुरड्याला. मालदांडी भाकरीला ठेवावी, आणि ती पाहुण्याच्या गाडीत पोते भरून द्यावी. खरा पैसा त्या पोत्यात आहे.

कापूसवाल्या भावांना मात्र यातून फारसे काही मिळणार नाही. सरकी काढल्याशिवाय कापूस घरगुती गिऱ्हाइकाच्या कामाचा नाही. त्यांचा प्रश्न भावाचा आहे, जाहिरातीचा नाही.

पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. दहा जणांनी मिळून एकच जाहिरात द्यावी, खर्च वाटून घ्यावा, वहीही एकच ठेवावी. वही कोणाच्या घरी राहणार यावर भांडण होणार. ते पेरणीआधीच्या बैठकीत करून घेऊ.