बाहेरच्या तासाचा जाहीरनामा

आमच्या मुलांना पानाचे भाग पाठ आहेत. पर्णपत्र, पर्णाग्र, पर्णधारा, देठ, शिरा. फळ्यावरची आकृती ती न चुकता वहीत उतरवतात. मग शाळेच्या फाटकाजवळचे झाड कोणते असे विचारले की वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. त्या झाडाखाली त्यांना कोणी नेलेलेच नाही.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. त्यामागोमाग पुस्तके आली, तासिका आल्या, प्रकल्पवह्या आल्या, श्रेणी आल्या. महाराष्ट्राने तिसरीसाठी परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढली. ती कल्पना सुंदर होती, आजही आहे. पण परिसराचा अभ्यास चार भिंतींच्या आतच राहिला. ओढ्याचा धडा ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, खिडक्या लावून वाचला जातो. जैवविविधतेचा प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार तक्त्यावरून उतरवला जातो. वर्षातून एकदा सहलीची बस निघते, प्राणिसंग्रहालयापुढे थांबते, मुले रांगेने पिंजऱ्यांसमोरून जातात आणि संध्याकाळी घरी परततात. निसर्ग दूर कुठेतरी असतो आणि तिकीट काढून पाहायचा असतो, हा धडा त्या दिवशी पक्का होतो.

याची किंमत कोण मोजते, ते गावोगावी दिसते आहे. शाळेच्या कुंपणाशी निघालेली धामण काठ्यांनी मारली जाते. ती बिनविषारी असते, शेतातल्या उंदरांवर जगते, आणि मारणाऱ्यांपैकी एकालाही तिची ओळख नसते. तिकडे मण्यार घरात शिरते आणि बिनविषारी कवड्या साप समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे नेमके उलट, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट, बहुधा जोडीजोडीने. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा झोपेतल्याला कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. गरज असते ती वेळेत दवाखाना गाठण्याची. हे दहा वर्षांच्या मुलीला नीट माहीत असेल, तर ती आजीला खाटेवर, मच्छरदाणीत झोपायला लावील, आणि वेळ आली तर मांत्रिकाची वाट अडवून उभी राहील.

जुन्नरच्या उसात बिबटे जन्मतात, तिथेच वाढतात, तिथेच पिले घालतात. ऊसतोड सुरू झाली की पिले उघडी पडतात. ती उचलून नेली तर आई बिथरून भटकत राहते. सापडली तिथेच सुरक्षित ठेवून माणसे मागे सरली, तर रात्री ती येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या मंडळींनी आणि वनखात्याने अशा कितीतरी मायलेकरांच्या भेटी घडवून आणल्या आहेत. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात मुलेही गेली आहेत. त्यांच्या आईबापांपुढे उभे राहून बिबट्यावर प्रेम करा असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही म्हणू, त्याला ओळखू या. तो कधी हिंडतो, कुठून जातो, खाली वाकलेले वा उकिडवे बसलेले माणूस त्याला भक्ष्यासारखे का दिसते, अंधारात घोळक्याने, बोलत आणि बॅटरी घेऊन का चालावे, हे त्या पोरांना ओल्या मातीतला ठसा दाखवून शिकवू या. उसाच्या कडेला घर असलेल्या मुलासाठी वन्यजीवांचे शिक्षण हा छंद नव्हे. शहरातल्या मुलाने रस्ता ओलांडायला शिकावे, तितके ते रोजच्या गरजेचे आहे.

आम्ही शिक्षक आहोत, पालक आहोत, वनरक्षक आहोत, सर्पमित्र आहोत, पक्षी बघणारे आहोत, मुलांच्या हातात भिंग देणारे आहोत. आणि आमच्यामागे फार मोठी परंपरा उभी आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली गेली, तेव्हा हाताने काम करत शिकणे हा तिचा गाभा होता. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेल्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मुलांना नावे न ठेवता त्यांनी शाळाच उचलून गुरांमागे नेली. तिचे नाव कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने आणि खडे हे तिथले शैक्षणिक साहित्य होते. महाराष्ट्रात शाळा एकदा कुरणावर गेली होती, आणि ज्यांनी ती नेली त्यांच्यापाशी ना निधी होता ना वाहन. आज आपल्यापाशी दोन्ही आहे.

त्याआधी, गेल्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबईतला एक शाळकरी मुलगा छर्र्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला चिमणीचे नाव सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता संग्रहातले पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी झाले, तेव्हा जंगलातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे त्यांनी कान देऊन ऐकली आणि मराठीला पक्षीकोश दिला. या दोघांच्या जन्मदिवसांमधला काळ, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आम्हाला त्या आठवड्याचे वर्ष करायचे आहे. कप्पा उघडून दाखवणारे एक मोठे माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावे, एवढी आमची महत्त्वाकांक्षा आहे आणि ती आम्ही लहान मानत नाही.

आम्ही मानतो की कुतूहल हा मुलाचा हक्क आहे, आणि हक्क शनिवारच्या फावल्या वेळावर टाकता येत नाही.

आम्ही मानतो की डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि बोटांनी चाचपलेले ज्ञान परीक्षेनंतरही उरते. उंबराचे फूल कोणी पाहिलेले नाही, असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. शिक्षकाने चौथीच्या वर्गासमोर पिकत आलेले एक उंबर मधोमध कापावे आणि भिंग फिरू द्यावे. फुले आतच असतात, दाटीवाटीने, फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या भिंतीला चिकटून. ज्यांना आपण उंबरातले किडे म्हणून झटकून टाकतो, त्या इवल्या गांधीलमाश्या त्याच फुलांत जन्मतात. बिनपंखी नर बाहेर पडायची वाट पोखरतात आणि मरतात. माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. ती माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, उंबर नसेल तर त्या माशीला घर नाही. उंबर पिकले की हरियाल येतात, धनेश येतात, रात्री वटवाघळे येतात आणि बी डोंगरभर पसरते. परस्परावलंबन हा शब्द फळ्यावर लिहिण्याची गरज त्या दिवशी उरत नाही. तो मुलांच्या बोटांना चिकटलेला असतो.

आम्ही मानतो की निसर्ग समजायला वेळ लागतो, आणि एवढा सलग वेळ मुलाच्या आयुष्यात फक्त शाळेपाशी आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. ती २०१६ मध्ये फुलली आणि पुन्हा २०२४ मध्ये. पहिला बहर पाहिला तेव्हा पहिलीत असलेले मूल दुसऱ्या बहराला नववीत होते. ज्या शाळेच्या नोंदवहीत दोन्ही बहरांच्या तारखा मुलांच्या अक्षरात आहेत, त्या शाळेपाशी विज्ञान आहे. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास येईल. ती तारीख लिहिणारी मुले आज अंगणवाडीच्या वाटेवर आहेत.

आम्ही मानतो की ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही शिकवता येते. कातकऱ्याला खेकड्याचे बीळ कळते, कोळणीला खाडीचे पाणी कळते, धनगराला गवताची जात कळते. कोणत्या वर्षी पावश्याने पेरते व्हा म्हणायला उशीर केला, हे गावातल्या एखाद्या आजोबांना आठवत असते. ही माणसे शाळेत आली पाहिजेत, खुर्चीवर बसली पाहिजेत आणि त्यांना मानधन मिळाले पाहिजे. ज्या दिवशी एखाद्या कातकरी मुलाचा बाप वर्गाला शिकवील, त्या दिवशी ते मूल मागच्या बाकावरून पुढे येईल. आमच्या चळवळीतला न्याय तिथून सुरू होतो.

आणि ही चळवळ फक्त रानालगतच्या शाळांसाठी नाही. ठाण्याची खाडी २०२२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि तिच्या काठावरच्या इमारतींतली हजारो मुले तिच्याकडे पाठ करून शाळेत जातात. अंगणात फक्त सिमेंट असले तरी भिंतीच्या भेगेत पिंपळ असतो, नळाखाली शेवाळ असते, छपराच्या कोपऱ्यात कोळी असतो, मुंग्यांची रांग तर कोणत्याही शाळेला चुकलेली नाही.

म्हणून आम्ही ठरवले आहे.

प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास बाहेरचा असेल. गणिताचा तास असतो तसा, रद्द न होणारा. प्रत्येक वर्ग चालत जाता येईल अशी एक जागा निवडील आणि वर्षभर तिथेच जाईल. ती जागा ओढा असेल, टेकडीचा उतार असेल, देवराई असेल, एकटा वड असेल. उन्हात जाऊ, थंडीत जाऊ, पावसात तर नक्की जाऊ, कारण जूनच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून जे बाहेर येते ते वर्षात पुन्हा दिसत नाही. पळसाला कळी कधी धरली, परीट पक्षी यंदा कोणत्या तारखेला उतरला, ओढा किती आठवडे वाहिला, हे तारखेसह लिहू. मोजताना गणित होईल, वर्णन करताना मराठी होईल. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती आम्ही ऐकली आहे. पाचवीतले पोर स्वतः मोजलेल्या फुलपाखरांचा आलेख काढते, तेव्हा अभ्यासक्रम पुढेच गेलेला असतो.

या तासाला गुण नसतील. रानातल्या प्राण्याला हात लावायचा नाही, घरटे हलवायचे नाही, काहीही खाऊ घालायचे नाही, आणि साप दिसला की थांबून मागे सरायचे, हे पहिल्या दिवशी शिकवले जाईल. ज्याला दिसत नाही ते मूल पक्ष्यांचे आवाज टिपील. चाकाच्या खुर्चीतले मूल जाऊ शकेल अशीच जागा त्याचा वर्ग निवडील. मोठ्या झाल्या म्हणून मुलींना घरी बसवले जाणार नाही. वही पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली जाईल.

शिक्षकांवर आम्ही ओझे टाकणार नाही. आधी त्यांच्यासोबत चालू. आपल्याला सगळ्या झाडांची नावे येत नाहीत या संकोचाने कितीतरी चांगले शिक्षक वर्गाबाहेर पडत नाहीत. नाव येत नसेल तर मुलांसोबत शोधता येते, आणि शोधणाऱ्या शिक्षकाकडून मूल जे शिकते ते सांगणाऱ्याकडून शिकत नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. संविधानाच्या ५१-क कलमाने वने, तलाव, नद्या आणि वन्यजीव जपणे व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. शिक्षण हक्क कायदा कृतीतून आणि शोधातून शिकण्याची भाषा बोलतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. आमच्या मुलांच्या वह्या दर वर्षी त्या नोंदवहीत उतरवल्या जाव्यात, असा ठराव आम्ही ग्रामसभांपुढे आणू. गावात काय जगते आणि काय कमी होत चालले आहे, याचा पुरावा मुलांनी लिहिलेला असेल. खाण, रस्ता वा धरण येताना तो पुरावा वाचला जावा, अशी मागणी आम्ही करू.

वाचणाऱ्या प्रत्येकाला आमचे निमंत्रण आहे. तुम्ही पालक असाल तर शाळेच्या पुढच्या सभेत हा तास मागा. मुख्याध्यापक असाल तर वेळापत्रकात त्याचा चौकोन आखा. निवृत्त असाल, एखादे झाड वा पाखरू ओळखत असाल, तर आठवड्यातला एक तास जवळच्या शाळेला द्या. सरपंच असाल तर गावातल्या जाणत्यांच्या मानधनाची तरतूद करा.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, विदर्भात त्या महिन्याच्या अखेरीस. उघडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बाहेरचा पहिला तास होईल. सोबत न्यायचे आहे ते एवढेच. दर चार मुलांमागे एक भिंग, प्रत्येकी एक वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, छत्री, आणि शिक्षकाच्या पिशवीत प्रथमोपचाराची पेटी. जागा मुलांनी निवडायची आहे.