कंपनी बोलते तेव्हा कोण बोलते?

उद्योगसमूहांनी आणि त्यांच्या प्रमुखांनी राजकीय भूमिका घ्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा औचित्याचा म्हणून विचारला जातो. व्यापाऱ्याने व्यापार पाहावा, राजकारण पुढाऱ्यांवर सोपवावे, असे त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. आमच्या मते या प्रश्नाला कथेच्या अभ्यासकाप्रमाणे हात घालावा. निवेदक कोण, आणि तो कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी तपासावे.

जमनालाल बजाज यांनी १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला, तेव्हा निवेदकाविषयी संदिग्धता नव्हती. भूमिका घेणारा आणि तिची किंमत मोजणारा माणूस एकच होता. त्यांचे नातू राहुल बजाज यांनी ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतील एका समारंभात, गृहमंत्री अमित शहा यांच्या समक्ष, सरकारवर उघड टीका करण्यास उद्योजक कचरतात असे बोलून दाखवले. भिण्याचे कारण नाही, असे उत्तर शहा यांनी तेथेच दिले. दोघांपैकी कोणाचे पटते हा प्रश्न निराळा. विधान नावानिशी झाले, म्हणून त्याला उत्तर देता आले, एवढे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

कंपनी 'आम्ही' म्हणते तेव्हा गुंतागुंत सुरू होते. त्या 'आम्ही'त भागधारक येतात, कामगार येतात, आणि त्यांची मते एक नसतात. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या उद्दिष्टांत बदल करू घातला, तेव्हा एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात, १९५७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलास मान्यता दिली. पण अशा देणग्यांनी लोकशाहीला धोका संभवतो, असा इशाराही दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली.

आम्हीही हे टिपण 'आम्ही' म्हणूनच लिहीत आहोत, आणि या सर्वनामाची सोय आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमचे न पटल्यास वाचक दुसरा लेख उघडू शकतो. मालकाचे राजकारण न पटणाऱ्या कामगाराला दुसरी नोकरी इतक्या सहजी मिळत नाही.

म्हणून कंपन्यांनी गप्प राहावे काय? येथे एक फसवणूक आहे. ओठ मिटलेले असले तरी हात मोकळा असतो. २०१८ मध्ये अमलात आलेल्या निवडणूक रोखे योजनेत देणगीदाराचे नाव मतदारापासून दडलेले राहत असे. त्याआधी, २०१७ मध्ये, कंपन्यांच्या देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना आणि मर्यादा उठवणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर मार्चमध्ये नावे प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की राजकारणावर चकार शब्द न काढणाऱ्या किती कंपन्या राजकारणात होत्या. तटस्थ भासणाऱ्या निवेदनाखाली एक पक्की बाजू घेतलेली होती.

उद्योजकाने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने जरूर बोलावे. त्याच्या शब्दाला कंपनीचे वजन चिकटणारच, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे; मात्र उघड शब्द खोडून काढता येतो, गुप्त पैशाशी वाद घालता येत नाही. कंपनीने संस्था म्हणून बोलावे ते आपल्या कामाशी आणि माणसांशी थेट संबंध असलेल्या बाबींपुरतेच. आणि पैसा द्यायचाच, तर भागधारक, कामगार व मतदार या तिघांनाही वाचता येईल अशा सहीने द्यावा. ज्या भूमिकेखाली सही करण्याची तयारी नाही, ती घेण्याचा अधिकार कंपनीला नसावा.