संमती कोणाची?

फ्रान्समधील तिसऱ्या नेपोलियनचे साम्राज्य अठरा वर्षे टिकले आणि काही आठवड्यांत कोसळले. त्याचा मुळशी खोऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांना पडेल. संबंध आहे, आणि तो ‘संमती’ या एका शब्दात साठवलेला आहे.

ज्या प्रजासत्ताकाच्या रक्षणाची शपथ घेतली, त्याचीच विधानसभा लुई नेपोलियनने २ डिसेंबर १८५१ रोजी लष्कराच्या बळावर बरखास्त केली. विरोधकांची धरपकड झाली, हजारोंना हद्दपार करण्यात आले. आणि मग त्याच महिन्यात त्याने जनतेचा कौल मागितला! सुमारे ७४ लाख मते त्याला अनुकूल पडली. दक्षिणेत काही ठिकाणी शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली होती हे खरे. परंतु त्याचा मोठा आधार लहान शेतकरीच होता. असंघटित, विखुरलेला शेतकरी आपला कैवारी सत्ताधीशात शोधतो, याची मीमांसा मार्क्सने १८५२ मध्येच केली.

पुढील वर्षी साम्राज्य जाहीर झाले. लोहमार्ग वाढले, पतपेढ्या निघाल्या, पॅरिसमध्ये रुंद रस्ते झाले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मात्र डिसेंबर १८५२ पासून मोठी सार्वजनिक कामे लोकप्रतिनिधींना न विचारता सम्राटाच्या हुकुमाने मंजूर होऊ लागली. ओस्मानच्या रस्त्यांखाली वस्त्या गेल्या आणि श्रमिक शहराच्या कडेला फेकले गेले. ८ मे १८७० रोजी पुन्हा कौल घेतला गेला. पुन्हा ७३ लाखांहून अधिक मते मिळाली. २ सप्टेंबरला सेदान येथे सम्राट प्रशियाला शरण गेला आणि ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक पुकारले गेले. त्या ७३ लाखांपैकी साम्राज्य वाचवायला रस्त्यावर कोण आले? भीतीच्या छायेत एकदाच विचारलेल्या प्रश्नाचे ‘होय’ हे असेच पोकळ असते.

मुळशीत तर तेवढेही विचारले गेले नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले आणि परकीय सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा तिच्या दिमतीला दिला. बरीचशी जमीन कागदोपत्री सावकारांच्या नावावर गेलेली होती. त्यांचा प्रश्न मोबदल्याचा होता. नांगर धरणाऱ्या मावळ्याचा प्रश्न जगण्याचा होता. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकून आलेले पांडुरंग महादेव बापट येथे शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रहात उतरले, पुनःपुन्हा तुरुंगात गेले आणि ‘सेनापती’ झाले. १९२४ अखेर लढा संपला. भिंत उभी राहिली, गावे पाण्याखाली गेली.

परकीय राज्य १९४७ मध्ये गेले. त्याचा तो कायदा मात्र २०१३ अखेरपर्यंत जिवंत राहिला. नव्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. वर्षभरातच वटहुकूम काढून ही अट सैल करण्याचा प्रयत्न झाला. विरोधामुळे २०१५ मध्ये तो सोडावा लागला. तरीही शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना संमतीचे हे बंधन नाहीच.

म्हणून टक्केवारीवर समाधान मानून चालणार नाही. विचारले कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, की राबणाऱ्यालाही? पूर्ण माहिती दिली का? ‘नाही’ म्हणणाऱ्याला निर्भयपणे घरी जाता आले का? हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारणे, आणि विचारणारा एकटा पडणार नाही अशी संघटना गावोगाव बांधणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ नसतो.